स्विचमध्ये शुक्रवार अडतो

१ जानेवारी २०२२ पासून यूएईच्या केंद्र सरकारी कार्यालयांत शुक्रवार अर्ध्या दिवसाचा झाला, शनिवार-रविवार सुट्टी. (शारजात शुक्रवारीही पूर्ण सुट्टी. मजा आहे त्यांची!) सोमवारपासूनचे कामाचे तास सी भाषेत एका फ्लोट अ‍ॅरेत ठेवू: ८, ८, ८, ८, ४.५, ०, ०.

स्विच(तास) लिहिलंत की कंपायलर अडतो. अ‍ॅरे म्हणजे सात कप्पे. स्विचला हवा एकच पूर्णांक. मग शुक्रवारचा कप्पा, तास[४]? तरीही एरर, कारण फ्लोट चालत नाही. म्हणून इंट अ‍ॅरेत मिनिटं ठेवा: ४८०, २७०, ०. आता केस २७० बरोबर जुळते. तिथे ब्रेक विसरलात, तर प्रोग्राम खालच्या केस ० मध्ये घसरतो आणि ‘अर्धा दिवस’पाठोपाठ ‘सुट्टी’ही छापतो. कंपायलर सहसा चकार शब्द काढत नाही.