देवळाला रंग नको, आधी छत बघा

प्रश्न : आमच्या गावातलं महादेवाचं हेमाडपंती देऊळ पावसाळ्यात गळतं. यात्रेआधी सांधे सिमेंटने भरून ऑइलपेंट मारायचं ठरतंय. पुरातत्त्व खात्याला कळवलं तर पूजा बंद होईल, असं लोक म्हणतात. काय करावं?
– एक वाचक, सिन्नर तालुका

उत्तर : पूजेची भीती मनातून काढा. तुमच्या सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहे, तरी तिथे पूजाअर्चा चालूच आहे. शिवाय नुसत्या अर्जाने कुठलंच देऊळ संरक्षित होत नाही. शासनाला रीतसर अधिसूचना काढावी लागते.

रंग मात्र कृपा करून थांबवा. ऑइलपेंटखाली ओल कोंडते, दगडाचे पापुद्रे सुटतात, मूर्तींचे नाकडोळे बुजतात. ही देवळं दगडात दगड बसवून उभी आहेत. सांध्यात सिमेंट गेलं की मुरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. आधीचा रंग असेल तर तो काढायला ॲसिड, तारेचा ब्रश किंवा वाळूचा फवारा वापरू नका. कोरीव काम त्यात कायमचं जातं.

गळतीचं मूळ बहुधा छतावर असतं. साचलेली माती काढा, पाणी जायच्या वाटा मोकळ्या करा. दगडांत रुजलेला पिंपळ उपटू नका, मुळांबरोबर दगड हलतात, बुंध्याशी कापा. भेगा चुन्याने भरायच्या, पण जाणकार समोर असतानाच. आवारातले वीरगळ (वीरांचे स्मृतिदगड) पायऱ्यांना लावू देऊ नका.

ग्रामसभेचा ठराव आणि फोटो जोडून राज्य पुरातत्त्व विभागाच्या नाशिक कार्यालयाला अर्ज द्या. यात्रेपुरती झाडलोट आणि साध्या पाण्याने धुणं पुरेसं आहे.