मागच्या बाकावरचे खासदार

मागच्या बाकावरचा मुलगा काही बोलत नाही, असे वर्गात सगळ्यांना वाटते. लोकसभेतही मागचे बाक असतात. मंत्री पुढे बसतात.

१९५७ साली आपल्या धुळ्यातून उत्तमराव पाटील जनसंघातर्फे निवडून गेले. निवडून आलेले खासदार ४९४, त्यांत त्यांच्या पक्षाचे फक्त ४! अटलबिहारी वाजपेयी त्या चौघांतलेच, तेही पहिल्यांदाच गेलेले.

चर्चेचा वेळ पक्षाच्या संख्येप्रमाणे वाटतात. मी गणित मांडून पाहिलं. चर्चा ५ तास, म्हणजे ३०० मिनिटे धरली, तर चौघांना मिळून अडीच मिनिटेसुद्धा येत नाहीत. मग घड्याळ लावून गावच्या पाण्यावर बोललो. विहिरीपर्यंत आलो आणि वेळ संपली. आजोबा हसले, "इतलामा काय व्हई?"

पण वर्षभरात दुसऱ्या वाटाही असतात. सकाळी ११ ते १२ प्रश्नोत्तराचा तास. तारांकित प्रश्नाला मंत्री उभे राहून उत्तर देतात, त्यावर उपप्रश्न विचारता येतो. असे प्रश्न दिवसाला २०, तासात सगळे होतच नाहीत. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते, तिथे उपप्रश्न नाही. खासदाराला स्वतःचे विधेयकही मांडता येते, पण १९७० नंतर असे एकही कायदा झालेले नाही. हे वाचून मला वाईट वाटलं.

प्रश्न साधारण १५० शब्दांच्या आत लिहायचा असतो. पाण्याचा माझा प्रश्न आधी दोनशेच्या वर गेला. दोन वेळा खोडून आता बसवला आहे. शेजारच्या कागदावर आहे, पालकांनीही वाचावा आणि काय राहिलं ते सांगावं.