आधण आणि शेंगोळीं

पौष लागला म्हणजे बालाघाटाच्या पठारावर पहांटेचा गारठा अंगांत भिनूं लागतो. अशा दिवसांत आपल्या धाराशिव जिल्ह्यांतील पुष्कळ घरांत एक पदार्थ आठवणीनें होतो, तो म्हणजे हुलग्याचीं शेंगोळीं. लसणाच्या झणझणीत रश्श्यांत शिजलेलीं हीं कडीं कढत कढत खाल्लीं, कीं अंगांत ऊब येते. ज्या घरीं मांसाहार चालतो तेथें तीं कोंबडीच्या रश्श्यांतहि शिजवितां येतात. हा पदार्थ आपणां बहुतेकांच्या ओळखीचा आहे. परंतु ओळखीची गोष्ट आपणांस समजलेली असतेच असें नाहीं. हें आम्हांस एकदां फजिती होऊन कळलें. ती हकीकत व तिच्यांतून मिळालेला धडा येथें विद्यार्थ्यांकरितां देत आहों.

कांहीं वर्षांपूर्वीं ऐन थंडींत आमच्या मातुश्री तापानें अंथरुणास खिळल्या. तोंडाला चव नव्हती. दोन दिवस त्यांनीं कांहीं खाल्लें नव्हतें. तिसऱ्या दिवशीं त्या म्हणाल्या, "कोंबडीच्या रश्श्यांत दोन शेंगोळीं मिळालीं तर खाईन." घरांत दुसरें कोणी नव्हतें. आम्हीं लहानपणापासून हा पदार्थ शेंकडों वेळां खाल्ला होता. तेव्हां यांत अवघड तें काय, असें म्हणून आम्ही चुलीपुढें बसलों. हुलग्याचें पीठ मळलें, कडीं वळलीं आणि रस्सा गरम दिसतांच त्यांत सोडलीं. अर्ध्या तासानें झांकण काढून पाहतों तों एकहि शेंगोळें शिल्लक नाहीं! सर्वांचें मिळून पातेलेंभर पिठलें झालें होतें.

तें ताट पुढें ठेवतांना आमची मान खालीं गेली. मातुश्रींनीं एक घांस घेतला आणि विचारलें, "रश्श्याला आधण आलें होतें का रे? आणि पिठांत गव्हाची मूठ घातली होतीस का?" दोन्ही प्रश्नांस आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. पिष्टमय पदार्थांवर उष्णतेचा परिणाम काय होतो, हें आम्ही त्याच आठवड्यांत वर्गांत फळ्यावर आकृति काढून शिकविलें होतें. परंतु तें ज्ञान चुलीपर्यंत पोंचलें नव्हतें.

आतां त्या दोन प्रश्नांचा शास्त्रीय अर्थ पाहूं. पिठांत पिष्टाचे, म्हणजे स्टार्चचे, अतिसूक्ष्म कण असतात. थंड पाण्यांत ते विरघळत नाहींत, नुसते सुटे होऊन पसरतात. पाण्याचें उष्णतामान सुमारें ६० ते ८० अंश सेल्सियसपर्यंत चढलें, म्हणजे हे कण पाणी शोषून फुगतात व एकमेकांस चिकटतात. शेंगोळें खळखळत्या आधणांत पडलें, कीं त्याचा बाहेरचा थर ताबडतोब शिजून घट्ट होतो आणि आंतील पीठ त्या थराच्या आंत सांभाळलें जातें. पाणी नुसतें कोमट असेल तर थर बनण्यापूर्वींच पीठ सुटूं लागतें. आमच्या पातेल्यांत हेंच घडलें.

दुसरा प्रश्न गव्हाच्या मुठीचा. गव्हाच्या पिठांत पाणी घालून मळलें असतां ग्लुटेन नांवाचा लवचिक चिकट पदार्थ तयार होतो. तो कणकेला धरून ठेवतो. हुलगा कडधान्य असल्यामुळें त्यांत ग्लुटेन नाहीं. ज्वारींतहि तें नाहीं. म्हणून नुसत्या हुलग्याचें शेंगोळें अननुभवी हातांत लवकर फुटतें. शिवाय डाळीकडधान्यांच्या प्रथिनांत जें उणें असतें तें धान्याच्या प्रथिनांनीं भरून निघतें. यामुळें हुलगा व गहूं यांची जोडी पोषणाच्या दृष्टीनेंहि चांगली. हुलग्यांत शंभर भागांपैकीं सुमारें २२ भाग प्रथिनें असतात.

मातुश्रींस बरें वाटल्यावर आम्हीं त्यांस पुन्हां पीठ घ्यावयास सांगितलें आणि त्यांची प्रत्येक मूठ वाटीनें मोजून वहींत टिपली. तें प्रमाण असें : मंद भाजून दळलेल्या हुलग्याचें पीठ तीन वाट्या, गव्हाचें पीठ एक वाटी, दहाबारा लसणाच्या पाकळ्या व एक चमचा जिरें वाटून, हळद, तिखट आणि मीठ. पाणी थोडें थोडें घालून पीठ घट्ट मळावें व दहा मिनिटें झांकून ठेवावें. मग तळहातास तेल लावून करंगळीएवढ्या जाडीच्या वळ्या कराव्या आणि दोन्ही टोकें जोडून कडें करावें.

एक किलो कोंबडी हळदमीठ लावून कांदा, लसूण, सुकें खोबरें व काळें तिखट यांच्या वाटणांत परतावी. अडीच लिटर गरम पाणी घालून मंद आंचेवर शिजूं द्यावी. गावरान कोंबडीस तासाहून अधिक वेळ लागतो. या संथ शिजण्यांतहि गुण आहे : हाडांभोंवतींच्या व सांध्यांतील कोलॅजेनाचें हळूहळू जिलेटीन बनतें व रश्श्यास अंग येतें. मांस शिजलें, कीं आंच मोठी करावी आणि रस्सा खळखळूं लागल्यावर शेंगोळीं चारचार करून सोडावीं. आधण मोडूं देऊं नये. पहिलीं पांच मिनिटें पळी घालूं नये. नंतर आंच कमी करून अर्धवट झांकणाखालीं वीसपंचवीस मिनिटें शिजवावें. एक शेंगोळें मोडून पाहावें. मध्यें कोरडें पीठ दिसलें तर आणखी थोडा वेळ द्यावा. धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ६५० मीटर उंचीवर असल्यामुळें येथें पाणी १०० अंशांच्या सुमारें दोन अंश आधींच उकळतें, हेंहि विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. शाकाहारी घरीं कोंबडीऐवजीं लसणाची फोडणी देऊन त्याच वाटणाच्या पाण्यांत शेंगोळीं शिजवावीं.

या पदार्थामागें एक शहाणपण आहे. एका कोंबडीचें नुसतें मांस वाढलें तर तें चौघांस जेमतेम पुरतें. परंतु शेंगोळीं रस्सा पिऊन घेतात, त्यांचें सुटलेलें थोडें पीठ रस्सा दाट करितें आणि आठ माणसें पोटभर जेवतात. आपल्याकडील वरणफळांत हीच युक्ति आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागांतील लोक कोंबडीच्या रश्श्यांत गव्हाच्या पिठाचे गोळे शिजवितात, तेथेंहि हीच युक्ति आहे. थोडक्यांत पुष्कळांस पुरविणें ही चिंता सर्व देशांतील गृहिणींस सारखीच.

आपल्या जिल्ह्यानें तर ही चिंता फार जवळून पाहिली आहे. १९७२ च्या दुष्काळांत परदेशांतून आलेल्या तांबड्या मिलोवर दिवस काढलेले वृद्ध अजून घरोघर आहेत. विद्यार्थ्यांनीं त्यांस अवश्य विचारावें. हुलगा हें हलक्या जमिनींत व अल्प पावसांत तग धरणारें पीक. त्याच्या मुळांवरील गांठी हवेंतील नत्र जमिनींत आणतात. आज मात्र आपल्या खरिपाच्या शेतांत बहुतेक सोयाबीनच दिसतें. सोयाबीनास रोख पैसा येतो, त्याची निंदा आम्ही करीत नाहीं. परंतु जें धान्य स्वयंपाकघरांतून विसरलें जातें तें शेतांतूनहि जातें, आणि कोरड्या वर्षीं त्याची आठवण होऊन उपयोग नसतो.

त्या आजारानंतर दोन वर्षांनीं आमच्या मातुश्री निवर्तल्या. तें टिपण नसतें तर त्यांच्या हाताचें प्रमाण त्यांच्याबरोबरच गेलें असतें. आतां दर थंडींत आम्ही ती वही उघडतों; शेंगोळीं वळण्याचें काम मुलगा व मुलगी दोघेंहि करितात, आणि आधण आलें कीं नाहीं हें पाहण्यावरून त्यांच्यांत भांडण होतें.

विद्यार्थी मित्रहो, नाताळच्या सुटींत एक काम करा. आईजवळ किंवा आजीजवळ बसून घरच्या एका पदार्थाची मूठ वाटीनें मोजा, वहींत उतरून घ्या आणि प्रत्येक कृतीस "असें कां?" म्हणून विचारा. कांहीं प्रश्नांचें उत्तर त्या देतील, कांहींचें तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकांत सांपडेल. पालकांसहि आमची विनंती आहे, कीं मुलांनीं, विशेषतः मुलग्यांनीं, चुलीजवळ येऊन असे प्रश्न विचारले तर त्यांस परत पाठवूं नये.