चोडणला जाण्याआधी तिथी पाहा

रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली तेव्हा दुपारचे पावणेबारा वाजले होते. डिसेंबर महिना, मुलांना नाताळची सुटी. पुण्याहून आलेलं पाच जणांचं एक कुटुंब मांडवी ओलांडून चोडण बेटावरच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात निघालं होतं. नवरा-बायको, दहा आणि सहा वर्षांची दोन मुलं आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. यातली सून म्हणजे प्रस्तुत लेखिका. दिवसाचा बेत तिनेच आखला होता: सकाळी सावकाश नाश्ता, मग जुन्या गोव्यातली चर्च, तिथून बेट, बोटीतून दोन तास पक्षी आणि चारच्या सुमारास पणजीत जेवण.

बेटावर पोचल्यावर कळलं की बोट जाणार नाही. प्रवेशद्वाराशी बसलेल्या माणसाने खाडीकडे नुसता हात केला. दोन्ही काठांचा चिखल उघडा पडला होता आणि मधे ओढ्याएवढा पाण्याचा पट्टा उरला होता. ‘‘आतां उदक ना. बोट भितर वचना,’’ तो म्हणाला. पाणी चढणार होतं संध्याकाळी.

मग पायवाटेने चालणं आलं. डोक्यावर ऊन, कांदळवनात वारा नाही, डासांनी मुलांच्या पोटऱ्या लाल केलेल्या. धाकट्याला भूक लागली होती आणि पिशवीत बिस्किटांचा एकच पुडा होता. थोरला भडक पिवळ्या शर्टात पुढे पुढे धावत होता. दूरवरचा एखादा बगळा दिसायच्या आत उडून जात होता. सासूबाई गुडघा धरून अर्ध्या वाटेतच थांबल्या. तासाभरात सगळे पुन्हा धक्क्यावर आले.

तिथे फेरीबोटीची वाट पाहताना सासूबाईंनी विचारलं, ‘‘आज अष्टमी ना गं? मग दुपारी पाणी कुठून असणार?’’

त्यांचं बालपण दाभोळच्या खाडीकाठी गेलेलं. भरतीचं गणित त्यांना पाऊणकीच्या पाढ्यासारखंच पाठ होतं आणि ते खरोखर पाऊणकीचंच आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठ पाऊणे सहा. म्हणजे सकाळी सहाला भरती, तिथून सहा तासांनी, भर दुपारी, ओहोटी, आणि संध्याकाळी साडेसहाच्या आत-बाहेर पुन्हा भरती. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. बेत आखताना फोनवर रस्ते, हॉटेलं, हवामान सगळं पाहून झालं होतं. मागच्या सीटवर बसलेल्या या बाईंना मात्र कोणी काही विचारलं नव्हतं.

हे गणित कोकणच्या किनाऱ्याचं, आणि ते अंदाजापुरतंच. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, कारण ती चंद्राच्या मागे चालते. गोव्यात ती मुंबईच्या थोडी आधी येते आणि मुरगावच्या तोंडाशी आलेलं पाणी मांडवीत वर चढायलाही वेळ घेतं. म्हणून तिथीवरून दिवस निवडावा आणि नेमकी वेळ मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकावरून पक्की करावी. आणखी एक गोष्ट खाडीकाठच्या माणसांना ठाऊक असते, पर्यटकांना नसते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पूर्ण भरतीचं पाणीही बेताचंच. पुण्याचं ते कुटुंब वेळेलाच नव्हे, दिवसालाही चुकलं होतं.

या अभयारण्याचं सगळं जगणंच पाण्याच्या या चढउतारावर बेतलेलं आहे. चोडणच्या पश्चिम टोकाला, मांडवीच्या पात्रालगत, जेमतेम 178 हेक्टरांचं हे कांदळवन 1988 मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालं. मुंबईत 1896 मध्ये जन्मलेले पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली त्याच्या आदल्याच वर्षी गेले होते. इथे कांदळ, तिवर, चिपी अशी झाडं दिवसातून दोनदा खाऱ्या पाण्यात उभी राहतात. तिवराची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर येतात आणि हवा घेतात. त्याच्या पानांवर मिठाचे कण दिसतात. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि लांब शेंगेसारखं लोंबत राहतं. पाणी भरलं की पक्षी फांद्यांवर विसावतात. ते ओसरू लागलं की खाली उतरतात, कारण उघड्या चिखलात त्यांचं जेवण वाढलेलं असतं.

तेव्हा भरती बोटीसाठी आणि ओहोटी पायवाटेसाठी, अशी विभागणी केली तर एकाच सकाळी दोन्ही साधतं. त्यासाठी भरती सकाळी आठ-नऊच्या सुमारास हवी. द्वादशीला बारा पाऊणे नऊ. एकादशी ते त्रयोदशी हे दिवस म्हणूनच चांगले, आणि ते महिन्यातून दोनदा येतात.

तीन वर्षांनी तेच कुटुंब जानेवारीतल्या एका द्वादशीला पुन्हा गेलं. या वेळी नाश्ता डब्यात होता आणि चर्च दुपारवर ढकलली होती. पणजीहून रायबंदर पाच-सहा किलोमीटर आणि नदी ओलांडायला थोडी मिनिटं, त्यामुळे उजाडल्यावर निघूनही पाण्याच्या आधी पोचता आलं. आदल्या दिवशी वन खात्याकडे बोटीची चौकशी केली होती. बोट भरतीला काठाच्या जवळपास पातळीवर आली होती, त्यामुळे सासूबाईंना आत उतरणं जड गेलं नाही. वयस्क माणूस बरोबर असेल तर एवढ्या एका गोष्टीसाठीही भरतीचीच वेळ धरावी. पाणी उतरलं की तीच पायरी गुडघ्याएवढी खोल होते.

होडी कांदळांच्या कमानीखालून सरकत होती. खंड्या दिसला, पाणकावळे पंख पसरून बसलेले दिसले, वर ब्राह्मणी घार घिरट्या घालत होती. परतल्यावर पायवाटेवर आले तर पाणी उतरायला लागलं होतं. चिखलावर निवट्या छातीच्या परांनी सरपटत होत्या. मासा असून जमिनीवर फिरणारा हा जीव पाहून धाकटा अर्धा तास हललाच नाही. नर फिडलर खेकडे आपला एकच मोठा आकडा हलवत होते. तुतवार आणि बगळे त्यांच्यामधून चालत चरत होते. पहिल्या खेपेला हेच सगळं जवळपास असणार. पण दुपारच्या उन्हात, धावत्या पावलांना आणि पिवळ्या शर्टाला ते दिसलं नव्हतं.

बाकीची तयारी थोडक्यात सांगण्यासारखी आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम, कारण तेव्हा स्थलांतरित पक्षी आलेले असतात. महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो, निसर्गलेखक मारुती चितमपल्ली आणि सलीम अली या दोघांच्या जन्मदिवसांमधला आठवडा. मुलांना आधी घराजवळच्या तळ्यावर दुर्बीण धरायला शिकवायला तो चांगला मुहूर्त आहे. कपडे मातकट, लांब बाह्यांचे. डासांचं मलम, पाणी आणि पोटभर खाणं जवळ हवंच, आणि रिकामी वेष्टनं परत आणायची. बोटीत बसण्याआधी प्रत्येकाला, विशेषतः लहान मुलाला, मापाचं लाइफ जॅकेट मागावं. ते नसेल तर बोटीत बसू नये. होडीतून पाण्यात हात घालू देऊ नये. मांडवी-झुवारीला जोडणाऱ्या जवळच्या कुंभारजुवे कालव्यात मगरींचा वावर आहे. गोव्यातले खाजन, म्हणजे खाडीकाठची खारजमीन, कसणारे शेतकरी पौष अमावस्येला मातीची मगर करून ‘मांगे थापणी’ ही तिची पूजा करतात, ते या शेजाराचं भान ठेवूनच.

महाराष्ट्रातही हाच नियम लागू होतो. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं आणि 2022 मध्ये रामसर स्थळांच्या यादीत गेलं. ऐरोलीहून सुटणाऱ्या तिथल्या बोटींच्या वेळाही भरतीवरच ठरतात. शनिवार मोकळा आहे म्हणून शनिवारी निघालं तर पाणी असेलच असं नाही.

दुसऱ्या खेपेची सकाळ संपवून कुटुंब दहाच्या सुमारास धक्क्यावर आलं. डबा उघडला, पोळ्या वाटल्या. थोरल्याने आजीकडे मे महिन्यातल्या मुरुडच्या सहलीची तारीख सांगितली आणि त्या दिवशी तिथी कोणती असेल ते विचारलं. आजीने पर्समधून छोटं पंचांग काढलं, चष्मा लावला आणि फेरीबोट येईपर्यंत दोघं पाऊणकी म्हणत राहिले.