न्हाणीघरातील पाणी

दिवाळी चार दिवसांवर आली होती. मुलुंडला आम्ही राहतो त्या इमारतीत घरोघर झाडलोट चालली होती. जिन्यात रद्दीचे गठ्ठे येऊन पडले होते आणि गच्चीवर गाद्या उन्हात वाळत होत्या. दुपारी वरच्या मजल्यावरून कोणीतरी जोरजोराने खोकत असल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ हाक ऐकू आली, "गुरुजी, लवकर वर या!"

मी वर गेलो. सातवीत शिकणारा एक मुलगा जिन्याच्या पायरीवर बसून खोकत होता. त्याचे डोळे लाल झाले होते व त्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. त्याची आजी पदराने त्याचे तोंड पुशीत होती.

घडले होते ते असे. आईला हातभार लागावा म्हणून त्याने न्हाणीघर धुण्याचे काम आपण होऊन अंगावर घेतले होते. फरशीवर पांढरे डाग होते. प्रथम त्याने शौचालय धुण्याचे द्रव त्यांवर ओतले. डाग हलेनात, तेव्हा त्याच ओल्या फरशीवर मूठभर ब्लीचिंग पावडर टाकली. एका औषधाने गुण येत नसेल तर दोन घालावीत, असा त्याचा हिशेब! दार लोटलेले, खिडकी बंद. क्षणात छातीत भरणारा उग्र वास सुटला. सुदैवाने त्यास पळण्याची बुद्धी झाली. मोकळ्या हवेत बसविल्यावर आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेले. रात्रीपर्यंत त्याचा खोकला थांबला.

मुलांनो, त्या मुलाने नकळत एक विषारी वायू तयार केला होता. शौचालय धुण्यासाठी मिळणाऱ्या अनेक द्रवांत सुमारे १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असते. बाटलीवर ते लिहिलेले असते, पण इतक्या बारीक अक्षरांत की माझ्या वयाच्या माणसास भिंगच घ्यावे लागते. हे आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली म्हणजे क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत, म्हणजे उकिडवे बसून फरशी घासणाऱ्याच्या तोंडापाशीच, साचून राहतो. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ रोजी, बेल्जममधील ईप्र या गावाजवळ जर्मन सैन्याने हाच वायू शत्रूच्या खंदकांवर सोडला होता. एरवी क्लोरीन हा आपला उपकारकर्ताही आहे. नळाने येणाऱ्या पाण्यातील रोगजंतू त्यानेच मारले जातात. घरात जुलाबाची साथ असता ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून, खिडकी उघडी ठेवून वापरावी. मात्र ती एकटीच. तिच्याजवळ आम्ल येता कामा नये, मग ते बाटलीतले असो, की लिंबाचे, चिंचेचे किंवा व्हिनेगरचे असो. झाडाला लागलेले म्हणून लिंबू या नियमातून सुटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाबरोबर त्याचे न्हाणीघर पाहण्यास गेलो. जाताना त्यास खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडात नेले आणि वर पाहण्यास सांगितले. तेथील छतावर ओल धरली होती, रंगाचे पोपडे सुटले होते आणि एका कोपऱ्यातून थेंब ठिबकत होता. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत जुन्या इमारतींत अशी गळती हा भांडणाचा नेहमीचा विषय असतो. वरचा म्हणतो नळ खालच्याचा, आणि खालचा म्हणतो दोष वरच्याचा.

"याचा आणि माझ्या फरशी धुण्याचा काय संबंध, गुरुजी?" मुलाने विचारले.

संबंध होता. फरशीवरील पांढरा डाग बहुधा चुन्याच्या जातीचा असतो. मुंबईस तानसा, भातसा, वैतरणा, विहार, तुळशी या तलावांतून मिळणारे पाणी पावसाचे असल्याने त्यात चुना थोडाच असतो. परंतु जेथे पाणी पुरत नाही तेथे बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी येते. जमिनीच्या पोटातून आलेले हे पाणी सहसा जड असते, आणि ते वाळले म्हणजे नळावर, बादलीच्या काठावर व फरशीवर चुन्याचा थर उरतो. आम्ल हा थर विरघळविते. पण दोन फरश्यांमधील सांधे ज्या सिमेंटने भरलेले असतात, त्यातही चुनाच असतो! आम्लास डाग कोणता आणि सांधा कोणता हे कळत नाही. ते दोन्ही खाते. वर्षानुवर्षे आम्ल ओतले की सांधे पोकळ होतात आणि अंघोळीचे पाणी त्यांतून खाली झिरपू लागते. संगमरवराचे तर यापुढे बोलावयासच नको. तो अंगचाच चुनखडीचा. त्यावर लिंबूसुद्धा पिळू नये.

आमचे हे बोलणे मुलाची आजी ऐकत होती. ती कोकणातली. म्हणाली, "अहो गुरुजी, आमच्याकडे न्हाणीत तांब्याचा बंब होता नि घंगाळ होतं. आठवड्याला चिंचेच्या चोथ्यानं घासलं की आरशासारखं लखलखायचं. ॲसिडची बाटली कुणी पाहिली होती?"

आजीबाईंचे म्हणणे खरे. चिंचेतील टार्टारिक आम्ल तांब्यावरील काळपटपणा काढते. नळाच्या तोटीवरील पांढऱ्या थरासही असेच सौम्य आम्ल पुरते. पेलाभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व विरघळवावे, त्यात फडके भिजवून तोटीस गुंडाळावे आणि अर्ध्या तासाने घासून धुवावे. शॉवरची भोके बुजली असतील तर तो काढून याच पाण्यात बुडवून ठेवावा. थर जुना असेल तर हे दोन-तीनदा करावे लागते. सौम्य वस्तू सावकाश काम करते, आणि सणाच्या आदल्या दिवशी आठवण झालेल्या माणसास ते परवडत नाही, ही खरी अडचण आहे.

पण सगळेच डाग चुन्याचे नसतात. बादली व तांब्याच्या आतून बोटास लागणारा बुळबुळीत थर साबणाचा व अंगावरील तेलाचा असतो. त्यास आम्ल नको, अल्क हवे. गरम पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून काथ्याने घासले की तो सुटतो. हा सोडा हाताची कातडी कोरडी करतो, म्हणून रबरी हातमोजे घालावेत. रोजच्या फरशीसाठी रिठ्याचे पाणी उत्तम. रिठ्याच्या साली रात्री भिजत घालून सकाळी उकळल्या की त्यांतील फेसाळ द्रव्य पाण्यात उतरते. केसांसाठी आपल्या आज्या तेच वापरीत.

येथे एका गैरसमजाविषयी सांगितले पाहिजे. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की भसाभस फेस येतो, आणि पाहणाऱ्यास वाटते की केवढे सामर्थ्य आहे! वस्तुतः त्या फेसाच्या रूपाने कर्बवायू उडून जातो आणि दोघांनी एकमेकांचा गुण मारल्यावर मागे बहुतांशी खारट पाणी उरते. सोडा हवा तेथे सोडा वापरावा, आम्ल हवे तेथे आम्ल.

न्हाणीघराच्या कोपऱ्यात जाळी असते. ती उचलून मी मुलास आतली वाटी दाखविली. तीत नेहमी थोडे पाणी साचलेले असते, आणि तेच गटाराची दुर्गंधी व झुरळे यांना वर येऊ देत नाही. या रचनेस नळकारागीर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपला न्हाणी हा शब्द असा इंग्रजी शब्दाचा हात धरून साऱ्या देशातील कारागिरांच्या तोंडी गेला आहे. मे महिन्यात गावाला जाऊन महिन्याने परत यावे तो घरभर वास कोंडलेला असतो. लोक धावत जाऊन फिनेलची बाटली रिकामी करतात. वास्तविक वाटीतील पाणी आटलेले असते, आणि तांब्याभर साधे पाणी ओतले की काम भागते. पाणी तुंबले तर जाळीखालील केसांचा गुंता तारेच्या आकड्याने ओढून काढावा.

भिंतीवरील काळे ठिपके ही बुरशी. आपल्या उपनगरांत पावसाळ्याचे चार महिने भिंती वाळत नाहीत आणि बुरशीस ओल हेच अन्न-पाणी. ती कितीही वेळा घासा, ओल राहिली की पुन्हा येते. शेवटच्या माणसाची अंघोळ झाली की खराट्याने किंवा वायपरने पाणी जाळीकडे ओढून घ्यावे आणि खिडकी उघडी ठेवावी. यास दोन मिनिटे लागतात. मी तर म्हणेन, कोरडेपणाइतके स्वस्त औषध बाजारात नाही. चुन्याचा डागही पाणी वाळल्यावाचून पडत नाही. ते आधीच ओढून काढले तर डाग पडावयाचा कशाचा?

"आणि जाळीतून पाणी गेल्यावर?" मुलाने विचारले.

जुन्या काही इमारतींत ते प्रथम सेप्टिक टाकीत जाते. तेथे मैला कुजविण्याचे काम सूक्ष्म जीवाणू करतात. फिनेल आणि ब्लीचिंग पावडर फार झाली तर ते जीवाणूच मरतात. इतरत्र ते रस्त्याखालील मलवाहिन्यांत जाते. त्या वाहिन्या तुंबल्या म्हणजे त्या साफ करणारी माणसे असतात. संरक्षक साधनांवाचून माणसास गटारात उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली आहे, तरी त्यांच्या गुदमरून मरण्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत अजूनही येतात. अंधेरीचे सांडपाणी वेसाव्याकडे, बोरिवलीचे मालाडकडे आणि मुलुंडचे भांडुपकडे जाते. भांडुप व घाटकोपर येथील केंद्रांतून ते ठाण्याच्या खाडीस मिळते. एका घरची बाटली त्या प्रचंड पाण्यात विरून जाते, हे खरे आहे; पण मुंबईत लक्षावधी घरे आहेत आणि दिवाळी सर्वांची एकाच आठवड्यात येते.

जानेवारीत आम्ही काही मुले घेऊन ऐरोलीस गेलो. वन विभागाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र तेथे आहे. ठाण्याच्या खाडीचा एक भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली रामसर स्थळांच्या जागतिक यादीत त्याचा समावेश झाला. ओहोटी लागली होती. चिखलात गुलाबी पक्ष्यांची रांगच्या रांग उभी होती. मान खाली घालून, चोच उलटी धरून ते त्या गढूळ पाण्यातून शेवाळ व बारीक जीव गाळून खात होते.

तो मुलगा नावेच्या काठाशी बसला होता. बराच वेळ तो पक्षी मोजीत होता. मग त्याने हळूच विचारले, "गुरुजी, आमच्या न्हाणीघरातलं पाणी इथेच येतं का?"

"इथेच असे नाही, पण याच खाडीत," मी म्हणालो.

त्याने पाण्यात बुडविलेला हात बाहेर काढला, त्याकडे एकदा पाहिले आणि तो पुन्हा पक्षी मोजू लागला.