समपातळीचे पाणी : जपानी खेड्यातील वसंत

जपान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे साकुराची, म्हणजे चेरीची, फुले येतात. कॅलेंडरवर आणि चित्रपटांत ती आपण पाहिलेली असतात. परंतु तेथील शेतकऱ्याला वसंत म्हणजे केवळ फुलांचा ऋतू नव्हे. त्याचे शेतीचे वर्ष तेथून सुरू होते. आपल्याकडे चैत्रपालवी फुटते तेव्हा कोरडवाहू रान पावसाची वाट पाहत पडलेले असते. जपानच्या डोंगराळ भागात त्याच सुमारास बर्फ वितळते, ओढ्यांना पाणी येते आणि भाताची तयारी सुरू होते. हे पाणी एकट्याला आणता येत नाही. वाटूनच घ्यावे लागते. म्हणून या पाठात आपण दोन गोष्टी पाहू : हे वाटप कसे चालते आणि त्यातून कोण वगळले गेले.

१. डोंगर हेच पंचांग

जुन्या पंचांगाप्रमाणे साधारण ४ फेब्रुवारीला वसंत लागतो. त्या दिवशी थंडी कायमच असते. म्हणून शेतकरी तारखेपेक्षा डोंगराकडे अधिक पाहत आला. बर्फ वितळू लागले की डोंगराच्या अंगावर काळे-पांढरे आकार उमटतात. नागानो प्रांतातील शिरोउमा डोंगरावर खडकाचा घोडा दिसू लागला की चिखलणीची वेळ झाली असे समजत. डोंगराचे नावही त्या चिखलणीच्या घोड्यावरूनच पडले. फुकुशिमाजवळच्या एका डोंगरावर बर्फाचा ससा दिसतो; त्याला 'पेरणीचा ससा' म्हणतात. उत्तरेकडील तोहोकु भागात 'पेरणीची चेरी' या नावाने ओळखली जाणारी झाडे आहेत. यात दैवी चमत्कार काही नाही. बर्फ किती वितळले यावरून हवेच्या उबेचा अंदाज घेण्याची ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून आलेली रीत आहे.

याच दिवसांत बायामाणसे रानभाज्यांसाठी टेकडीवर जातात. वाराबी नावाच्या नेच्याचे कोवळे कोंब राखेच्या पाण्यात घालून त्यांचा कडवटपणा काढतात. ते कच्चे खाणे विषारी असते. बांबूचे कोंब, म्हणजे आपले वास्ते, भाताच्या कोंड्याबरोबर उकडतात. कोकणात पहिल्या पावसानंतर रानभाज्यांना जे महत्त्व येते, तेच तेथे बर्फ सरल्यावर येते.

२. हिगान : पैलतीराचे सात दिवस

२० किंवा २१ मार्चच्या सुमारास दिवस व रात्र समान होतात. तो दिवस मध्ये धरून सात दिवस 'हिगान' पाळतात. हिगान या शब्दाचा अर्थ पैलतीर. दुःखाच्या अलीकडच्या तीरावरून निर्वाणाच्या पलीकडच्या तीरावर जाणे, हा त्यातील बौद्ध विचार आहे. मधला दिवस पूर्वजांच्या स्मरणाचा, आणि उरलेले सहा दिवस दान, शील, क्षांती, वीर्य, ध्यान व प्रज्ञा या सहा पारमितांच्या आचरणाचे, असे विहारांत शिकवितात. (आपल्या परिचयाच्या पाली परंपरेत पारमिता दहा आहेत, महायान परंपरेत सहा सांगतात.) शहरात गेलेली मुले गावी येतात, कुटुंबाच्या समाधीचे दगड धुतात, फुले वाहतात. चिकट तांदळाच्या गोळ्यांवर लाल चवळीसारख्या आझुकीचे गोड पुरण लावून केलेले 'बोतामोची' घरोघर होते.

३. पाट, सावड आणि लावणी

हिगानच्या आगेमागे खेड्यात सर्वांत महत्त्वाचे सामुदायिक काम होते, ते पाट साफ करण्याचे. हिवाळ्यात पाटात पाने व गाळ साचलेला असतो. ठरलेल्या दिवशी प्रत्येक घरातून एक माणूस फावडे घेऊन येतो. ज्या घरातून कोणी येत नाही, त्याने बऱ्याच गावांत ठराविक रक्कम भरायची असते. आपल्या धुळे-नाशिक भागातील फड पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही शिस्त परकी वाटणार नाही.

पुढची कामे अशी. बी मिठाच्या पाण्यात टाकतात. हलके बी तरंगते, ते काढतात आणि जड बी घेतात. ही पद्धत योकोई तोकियोशी या कृषितज्ज्ञांनी १८८२ साली शोधली. पेट्यांमध्ये रोपे वाढवितात. बांध चिखलाने लिंपतात, पाणी घेतात आणि चिखलणी करतात. चिखलणीचा हेतू केवळ माती मऊ करणे एवढाच नसतो. जमीन समपातळीत आणणे हाही असतो. एक कोपरा उंच राहिला तर तेथील रोप वाळते, दुसरा खोल राहिला तर तेथील रोप बुडते. पूर्वी लावणी बहुधा जूनमध्ये होई. आता यंत्रामुळे अनेक भागांत ती मे महिन्याच्या आरंभी उरकते.

यंत्रे येण्यापूर्वी लावणी 'युई' पद्धतीने होत असे. युई म्हणजे आपली सावड : आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. शिराकावा-गो येथे गवताने शाकारलेल्या मोठ्या घरांच्या छपरांसाठी ही पद्धत आजही टिकून आहे. वसंतात शंभराहून अधिक माणसे जमून एका दिवसात छपराची एक बाजू शाकारतात. या गावाचा समावेश १९९५ साली जागतिक वारशात झाला.

४. फुलांचा सण

८ एप्रिलला विहारांत भगवान बुद्धांचा जन्मदिवस 'हाना मात्सुरी', म्हणजे फुलांचा सण, म्हणून साजरा होतो. जपानने १८७३ साली इंग्रजी कालगणना स्वीकारली. त्यामुळे जुन्या चौथ्या महिन्यातील अष्टमी बहुतेक ठिकाणी ८ एप्रिलवर आली. थंड प्रदेशात फुले उशिरा येतात, म्हणून काही गावे ८ मे हा दिवस पाळतात. फुलांनी सजविलेल्या छोट्या मांडवात बालसिद्धार्थाची मूर्ती ठेवतात. हा मांडव म्हणजे लुंबिनीचे उपवन. मुले ओगराळ्याने मूर्तीवर 'आमाचा' नावाचा गोड चहा ओततात आणि तोच पितात.

५. बांधाबाहेरची माणसे

इथवरचे चित्र गोड आहे. पण ते अपुरे आहे. या सावडीच्या गावातच बुराकु समाजाला वेगळ्या वस्तीत ठेवले जाई. मेलेली जनावरे ओढणे, कातडे कमावणे अशी कामे त्यांच्यावर लादलेली होती. १८७१ साली कायद्याने त्यांचा हीन दर्जा रद्द झाला; तरीही अनेक गावांत सामायिक रान आणि देवस्थानाचे उत्सव त्यांना बंदच राहिले. काही विहारांनी तर मृत्यूनंतर द्यावयाच्या नावांतही त्यांच्यासाठी हीनतादर्शक अक्षरे वापरली. बुद्धाचे नाव घेणाऱ्या देशात असे घडले, हे विद्यार्थ्यांनी नीट लक्षात ठेवावे. सण पाळल्याने समता आपोआप येत नाही.

३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे या समाजाने आपली संघटना स्थापन केली. नारा प्रांतातील काशिवारा खेड्यातील तरुणांचा त्यात पुढाकार होता. जाहीरनामा लिहिणारे सायको मानकिची हे तेथील बौद्ध विहाराच्या घरातच जन्मलेले होते. संघटनेचे नाव 'सुइहेइशा'. 'सुइ' म्हणजे पाणी, 'हेइ' म्हणजे सपाट. पाणी जशी आपली पातळी समान राखते, तसा समाज असावा, हा त्या नावाचा अर्थ. पाच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, ऐन हिगानच्या दिवसांत, महाडला चवदार तळ्यावर काय घडले ते आपल्याला ठाऊकच आहे. दोन देशांतील दोन चळवळींनी समतेची खूण म्हणून पाण्याकडेच पाहिले. जपानमध्ये हा भेदभाव अजून पूर्ण संपलेला नाही. म्हणूनच तो दूर करण्यासाठी डिसेंबर २०१६ मध्ये तेथे स्वतंत्र कायदा करावा लागला.

६. आजचे खेडे

आज प्रश्न वेगळा आहे. शेती हेच मुख्य काम असलेले लोक जपानमध्ये २००० साली सुमारे २४ लाख होते. २०२० साली ते सुमारे १३ लाख ६० हजार उरले, आणि त्यांचे सरासरी वय ६७.८ वर्षे होते. पाट तेवढाच लांब आहे. फावडी धरणारे हात कमी झाले. म्हणून पाट राखण्याच्या कामात आता शेती नसलेल्या रहिवाशांनाही सामील करून घेतात. कोची प्रांतातील युसुहारा येथे १९९२ साली डोंगरउतारावरील खाचरे शहरवासीयांना वार्षिक शुल्कावर देण्याची योजना सुरू झाली. ही माणसे वसंतात येऊन लावणी करतात, शरदात कापणीला येतात. पुढे ही योजना इतर गावांनीही उचलली.

सारांश असा की, पाणी टिकवायचे तर माणसे वगळून चालत नाही. ज्या गावाने पूर्वी काहींना बांधाबाहेर ठेवले, त्याच गावाला आज बाहेरच्या माणसाला हाक मारावी लागत आहे. चिखलणीत जमीन समपातळीत आणण्याचे काम जसे दर वसंतात नव्याने करावे लागते, तसेच समतेचेही आहे.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न
१. हिगान या शब्दाचा अर्थ सांगून त्याचा पारमितांशी असलेला संबंध स्पष्ट करा.
२. 'युई' आणि आपल्याकडील सावड यांत कोणते साम्य दिसते?
३. 'सुइहेइशा' या नावात पाण्याची उपमा का वापरली असावी? आपल्या गावातील पाणवठ्याचा इतिहास वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.