पुढच्या चाकाचा मीटर

सायकलला काट्याचा स्पीडोमीटर बसवायचा म्हणजे पुढच्या चाकाला हात घालायचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण मीटर घ्यायला निघालेल्या माणसाचं सगळं लक्ष हॅन्डलवरच्या तबकडीकडे असतं आणि धोका असतो खाली, एक्सलपाशी. मागचं चाक अडलं तर सायकल फरफटत थांबते. पुढचं चाक अडलं तर माणूस हॅन्डलवरून पुढे फेकला जातो. म्हणून मीटर बसवताना ब्रेकच्या कामाइतकीच काळजी घ्यावी. माझं मुख्य सांगणं एवढंच; पुढे येतो तो त्याचा तपशील.

आमचं घर सुरतेत उधन्याला. खानदेशातून पोटासाठी आलेली कितीतरी मराठी कुटुंबं उधना, लिंबायत, नवागाम, डिंडोली या भागांत राहतात आणि लूमवर, डाइंग मिलमध्ये, मार्केटमध्ये कामाला जातात. मीही पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये होतो आणि पाळीला सायकलनेच जायचो. मीटर हवा होता तो हिशेबासाठी: अंतर किती पडतं, वेळ किती लागतो, चेनला तेल कधी द्यायचं. दुकानदाराने मीटर बसवून दिला आणि काही महिने तो छान चाललाही.

मग पावसाळ्यात एका सकाळी उधना तीन रस्त्यापाशी वळताना पुढचं चाक जागच्या जागी अडलं. मीटरची केबल चिमट्याला एकाच ठिकाणी प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेली होती. ती पट्टी उन्हापाण्याने तडकून तुटली, केबलचा झोल बाहेर आला आणि स्पोकमध्ये शिरला. चाकाने केबल ओढून घेतली, एक्सलवरचा ड्राइव्ह, म्हणजे चाकाची फिरकी केबलला देणारा भाग, फिरून चिमट्यात रुतला. मी पुढे आपटलो आणि मनगटाचं हाड मोडलं. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून हे लिहितो आहे.

प्लास्टर निघाल्यावर तो मीटर सुटा करून पाहिला. स्कूटरच्या मीटर-केबली दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या मेस्त्रींनी शेजारी बसवून एकेक भाग समजावला. सायकलच्या आणि स्कूटरच्या मीटरचं तत्त्व एकच आहे, हे तेव्हा कळलं.

आत काय चालतं

पुढच्या एक्सलवर एक चपटा ड्राइव्ह बसतो. त्याची जीभ स्पोकमध्ये अडकलेली असते, त्यामुळे चाकाबरोबर तीही फिरते. ड्राइव्हमधले दाते ही फिरकी केबलच्या आतल्या तारेला देतात आणि तार ती वर तबकडीपर्यंत नेते. तिथे दोन वेगळी कामं होतात. आकड्यांची चक्रं दात्यांवर चालतात आणि अंतर मोजतात. काटा मात्र दात्यांना किंवा तारेला जोडलेला नसतो. तारेच्या टोकाशी लोहचुंबक गरगरतो, त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते आणि काटा या वाटीला जोडलेला असतो. चुंबक फिरला की वाटीत विजेचे भोवरे तयार होतात आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे धरते. या ओढाताणीत वाटी जिथे थांबते तो वेग. ऑटो शुल्झे या जर्मन इंजिनिअरने 1902 मध्ये याचं पेटंट घेतलं. त्याआधी, 1895 पासून, अमेरिकेत हार्टफर्डच्या कर्टिस वीडरचा सायकल-मीटर विकला जात होता. स्पोकवरची खुंटी दर फेऱ्याला एक चांदणी-चक्र पुढे ढकलायची आणि अंतर मोजलं जायचं. त्यात केबल नव्हती. केबल आली ती काट्यासाठी.

ही रचना लक्षात ठेवली की बिघाड ओळखता येतो. काटा आणि आकडे दोन्ही बंद असतील तर तार तुटली आहे किंवा ड्राइव्ह गेला आहे. आकडे चालतात आणि काटा पडून आहे, तर दोष तबकडीच्या आत. काटा थरथरत असेल तर केबल कोरडी पडली आहे किंवा कुठेतरी फार वाकली आहे. ही थरथर दुर्लक्षू नका. पुढे तुटणारी तार बहुतेकदा आधी अशी सूचना देते.

बसवताना

पहिली गोष्ट: मीटर कुठल्या चाकासाठी आहे ते तबकडीवर किंवा ड्राइव्हवर पाहा. 28 इंची चाकाचा मीटर 26 इंची चाकाला लावला तर तो आयुष्यभर खोटं सांगेल.

दुसरी: एक्सलची लांबी. आपल्याकडे पुढच्या एक्सलवर आधीच मडगार्डच्या काड्या असतात, कधी टोपलीचे पाय असतात. त्यात ड्राइव्हची जाडी वाढली की नटाला आटे पुरत नाहीत. नट पूर्ण बसून एक्सलचं टोक थोडं बाहेर दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर लांब एक्सल घ्या किंवा टोपली काढा. अर्ध्या आट्यांवर अडकलेला नट खड्ड्यांच्या रस्त्यावर सैल होणारच.

तिसरी: बहुतेक ड्राइव्ह चिमट्याच्या आतल्या बाजूला, कोनच्या (हबच्या बेअरिंगला धरणाऱ्या भागाच्या) नटाला लागून बसतो. त्यामुळे चाक एका बाजूला सरकू शकतं. दोन्हीकडच्या ब्रेक-रबरांचं अंतर बघा आणि गरज पडली तर दुसऱ्या बाजूला तेवढ्याच जाडीचा वायसर घाला. ड्राइव्ह डावा की उजवा हेही पाहावं लागतं. उलट्या बाजूला लावला तर काटा शून्याच्या खाली दाबला जातो आणि तारेचा पीळ सुटायला लागतो.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची: केबल. ड्राइव्हचं तोंड चिमट्याच्या रेषेत वर असावं. केबल चिमट्याला किमान तीन ठिकाणी धातूच्या क्लिपांनी बांधावी, खाली, मध्ये आणि वर. प्लास्टिकची पट्टी वापरायचीच असेल तर धातूच्या क्लिपांना जोड म्हणून वापरा आणि दर पावसाळ्याआधी बदला. केबलला कुठेही टोकदार वळण नको. लांब केबल असेल तर झोल वर, हॅन्डलच्या पुढे राहू द्या. चाकाजवळ कधीही नको.

आतली तार बाहेर काढून हलकं ग्रीस लावावं, पण वरचा वीतभर भाग कोरडा ठेवावा. तिथे ग्रीस असलं तर ते फिरत फिरत तबकडीत चढतं आणि काटा चिकटतो. केबलचे गोल नट बोटांनी आवळा. पाना लावाल तर आटे जातील.

शेवटी पुढचं चाक उचलून फिरवा. हॅन्डल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा आणि केबल कुठे ताणते, कुठे स्पोककडे झुकते ते पाहा. चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा. खटखट झाली तर कोन सैल आहे. ब्रेक दाबून बघा. हे सगळं झाल्यावरच रस्त्यावर जा.

खरं-खोटं पारखताना

टायरमध्ये नेहमीएवढी हवा भरा, जमिनीवर आणि टायरवर खडूने खूण करा, सायकलवर बसून चाक बरोबर एक फेरा फिरवा आणि अंतर मोजा. 28 बाय दीडच्या चाकाला एका फेऱ्यात सुमारे 2.23 मीटर पडतात, 26 बाय एक तीन-अष्टमांशला सुमारे 2.07. म्हणजे मोठ्या चाकाचा मीटर छोट्या चाकाला लावला तर 10 किलोमीटरला 10.8 दाखवेल.

मग रस्त्यावर पारख करा. बारडोलीकडे, पुढे व्यारा-नवापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला किलोमीटरचे दगड आहेत. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा, राज्य महामार्गाचा हिरवा. रस्ता रुंद करताना दगड हलतात, म्हणून एका किलोमीटरवर भरवसा न ठेवता सलग पाच किलोमीटर धरा. पहाटे जा आणि कडेने चला. आकडे जुळले की मगच काटा तपासा. एक किलोमीटर चार मिनिटांत गेला तर वेग ताशी 15, तीन मिनिटांत गेला तर 20. सारखा वेग ठेवून घड्याळाशी काटा जुळवा. काटा थोडा चुकला तरी चालेल, फरक किती ते माहीत असलं म्हणजे झालं.

सुरतेचं म्हणून काही

या शहरात चाकाचा पहिला शत्रू धागा. लूमच्या गल्ल्यांत, मार्केटच्या भागात रस्त्यावर सूत, चिंध्या, जरीचे तुकडे पडलेले असतात. ते हबवर गुंडाळले जातात आणि ड्राइव्हच्या फटीत शिरून घट्ट होतात. उत्तरायणाच्या दिवसांत, म्हणजे 14 जानेवारीच्या आगेमागे, मांजा असतोच. आठवड्यातून एकदा ब्लेडने हे गुंडाळे कापून काढा. ओढून काढू नका, जीभ वाकते. उत्तरायणाच्या दिवसांत मीटरपेक्षा गळ्याची काळजी जास्त. हॅन्डलवर तारेची कमान लावा आणि गळ्याला जाड रुमाल गुंडाळा.

दुसरा शत्रू पाणी. मिठी खाडी भरली की लिंबायतमध्ये गुडघाभर पाण्यातून सायकल काढावी लागते. ते पाणी ड्राइव्हमध्ये गाळ सोडून जातं. अशा दिवसानंतर ड्राइव्ह उघडा, रॉकेलने धुवा, वाळवा, नवं ग्रीस भरा. डुमसच्या किनाऱ्यावर फिरून आलात तरी हेच करा. तिथली वाळू दाते खाते आणि खारी हवा तार गंजवते.

वापरताना

काट्याकडे पाहण्याची सवय लावून घेऊ नका. ताशी 20 च्या वेगाने जाताना दोन सेकंद नजर खाली गेली की सायकल 11 मीटर पुढे गेलेली असते. उधन्याच्या रस्त्यावर तेवढ्यात रिक्षा थांबते, दार उघडतं, पार्सलचा हातगाडा आडवा येतो. मोकळा सरळ रस्ता असेल तेव्हाच काटा पाहा. मुलं काटा चढवण्यासाठी बीआरटीएसच्या रिकाम्या दिसणाऱ्या पट्टीत शिरतात. 2014 मध्ये उधना दरवाजा ते सचिन हा मार्ग सुरू झाला तो बससाठी, आणि बस मागून वेगाने येते. मुलांना मीटर देताना हे स्पष्ट सांगा.

मीटरचा खरा उपयोग आकड्यांचा आहे. वहीत दर रविवारी आकडा लिहा. चेनला तेल दोन-तीनशे किलोमीटरला द्या, पाऊस असेल तर त्याहून लवकर. त्याच वहीत ब्रेकची रबरं, टायर, कोनचं ग्रीस यांच्या नोंदी ठेवा. कुठला टायर किती टिकला, हे दुकानदाराच्या शब्दापेक्षा तुमची वही खरं सांगेल.

लहान मुलांच्या सायकलला मात्र केबलचा मीटर लावू नये, असं माझं ठाम मत आहे. मुलं सायकल पाडतात, केबल ओढतात, क्लिप तुटल्याचं घरी सांगत नाहीत. त्यांच्यासाठी स्पोकवरच्या चुंबकाने चालणारा बिनतारी मीटर बरा, त्यात चाकात जाणारं काही लोंबत नाही. मोठ्यांनी काट्याचा मीटर हौसेने लावावा, पण दर शनिवारी तिन्ही क्लिपा हाताने हलवून पाहाव्यात.

आणि मीटर बंद पडला, दुरुस्ती लगेच जमणार नाही असं दिसलं, तर त्याच दिवशी ड्राइव्ह आणि केबल दोन्ही उतरवा आणि एक्सलचा नट पुन्हा आवळा. चालू मीटरकडे आपलं लक्ष असतं, बंद मीटर आपण विसरतो. आणि विसरलेली केबलच सैल होत होत स्पोकपर्यंत पोचते.